दुसऱ्या शॉटमधली सखुबाई

उपवासाच्या दिवशी मी खोटं बोलत नाही, आणि आज माझा सोमवार आहे. म्हणून आजच लिहायला बसले. हे माझ्या नणंदेच्या घरी घडलेलं आहे; सध्या मी तिथेच राहतेय. ठाण्यात, माजिवड्याला, सातव्या मजल्यावर.

रात्र नव्हती. दुपारचे बारा वाजले होते.

नणंदेचा मुलगा सर्वेश कॉलेजसाठी हॉरर फिल्म करत होता. एडिटिंग चाललेलं.

एक शॉट त्याच्या बहिणीचा, सान्वीचा. घरात एकटी, केस विंचरतेय.

एक शॉट म्हातारीचा. खाडीकाठाने चालतेय.

परत सान्वी. परत म्हातारी.

"मामी, याला क्रॉस-कटिंग म्हणतात," तो सांगायचा. "जागा दोन. पण आलटून पालटून जोडल्या की वाटतं, ही तिच्याच घरी निघालीय. लोक जाम टरकतात."

सान्वीने अभिनय केला होता.

म्हातारीने नाही.

ती खाडीकाठच्या कोपर गावची सखुबाई. सगळा जन्म मिठागरात गेलेला. रोज गावदेवीला दिवा लावायला जायची. सर्वेशने लपून तिचं शूटिंग केलं आणि इन्स्टावर टाकलं... 'कोपरची खरी चेटकीण'.

तिने त्याला खाडीवरच गाठलं. आवाज चढवला नाही.

"कोनाला इचारून माजा फोटू कारलास रं? आता पोरा मना बगून पलतान. तुज्या घरान बी पोरगी हाय ना? तिला बी चेटकीन म्हनतील, बग."

"आजी, पिक्चर आहे तो," म्हणून हा हसला.

तिच्या दारावर दगड पडायला लागले. पंधरा दिवसांत सखुबाई गेली.

याने शॉट काढले नाहीत. फिल्म द्यायची तारीख जवळ आलेली.

त्या दुपारी तो फिल्म बघत होता... आणि थांबला.

म्हातारीच्या मागे खाडी नव्हती.

शीळफाट्याचा सिग्नल होता. कोपरहून ठाण्याला येतानाचा.

तिथे तो शूटिंगला गेलाच नव्हता.

पुढचा कट. सान्वी, केस विंचरतेय.

म्हातारी... माजिवड्याच्या पुलाखाली.

सान्वी.

म्हातारी... त्यांच्याच बिल्डिंगचं गेट.

त्याने घाईघाईने म्हातारीचे सगळे शॉट उडवले. फिल्ममध्ये फक्त सान्वी उरली. हुश्श झालं त्याला.

मग लक्षात आलं... दुसरी जागाच उरली नव्हती. मग म्हातारी गेली कुठे?

पॅसेजमध्ये कर्र... कर्र... सांडलेल्या मिठावरून कोणी चालावं तसं.

आतल्या खोलीतून सान्वी कुरकुरली.

"दादा, हळू ना रे. दुखतंय."

तो धावला. सान्वी आरशासमोर एकटीच. वेणी इतकी करकचून घातलेली की भुवया वर ओढल्या गेलेल्या.

कंगव्यात मीठ.

"तूच ना रे घातलीस?" तिने विचारलं.

फिल्म त्याने दिलीच नाही. इन्स्टावरचं काढलं. कोपरला जाऊन देवीपुढे दिवा लावला. तीनदा लावला, तीनदा विझला. वारा नव्हता.

वेणी आम्ही रोज सकाळी सोडतो. बारा वाजून गेले की ती घातलेली असते.

परवा सान्वीला घेऊन मी लिफ्टमध्ये शिरले. आत शेजारची चार वर्षांची समृद्धी होती, आईबरोबर. 'सान्वीताई' करत बिलगणारी पोर ती.

ती आईच्या मागे सरकली. पदर धरून हळूच म्हणाली,

"मम्मा... चेटकीण."

हा शब्द तिला कोणी शिकवला, तिच्या आईलाही माहीत नाही.

मी सान्वीचा हात घट्ट धरला. सातव्यावर दार उघडलं. आम्ही बाहेर पाऊल टाकलं...

कर्र.