कापसाचा बोळा

इस्पितळात बारा स्विच होते. भिंतीतून आलेल्या संगणकांच्या सगळ्या केबली ज्या चपट्या पेट्यांत शिरतात, त्या पेट्या. बाराही पेट्यांना एकच पासवर्ड होता आणि तो निम्म्या इस्पितळाला तोंडपाठ. आता त्यांच्यावर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला स्वतःचं नाव मिळणार होतं. कोणी आत शिरायला आलं की स्विच तळमजल्यावरच्या सर्व्हरला विचारणार, याला घेऊ का? आणि कोण आलं, काय केलं, कधी गेलं, याची नोंद ठेवणार.

हे काम एकटीनं करायची संगणक विभागातल्या धाकटीची पहिलीच वेळ. सकाळी तिनं आधी सर्व्हरवरच्या नावांच्या यादीतून अप्पांचं नाव काढलं. हे स्विच अप्पांनीच बसवले होते, तिलाही त्यांनीच घडवलं होतं, आणि त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. विभागाचे साहेब म्हणाले होते की गेलेल्या माणसाचं नाव ठेवून चालत नाही. बरोबरच होतं. तरी तिचं बोट जड झालं.

"पोरी, स्क्रीनवर दोन खिडक्या उघडायच्या," अप्पा कानीकपाळी ओरडायचे. "एकीत काम करायचं, दुसरी नुसती उघडी ठेवायची. नवं कुलूप उघडतंय याची खात्री होईपर्यंत ती मिटायची नाही."

तिसऱ्या मजल्यावरच्या, नवजात बाळांच्या कक्षातल्या स्विचपासून तिनं सुरुवात केली. एवढ्याशा कामाला दोन खिडक्या कशाला, म्हणून एकच उघडली. सगळ्या आज्ञा एका दमात दिल्या, शेवटी सेव्हही केलं. आणि स्क्रीन गोठला.

एक आकडा चुकला होता. सर्व्हरकडे जाणारी वाटच तिनं बंद केली होती, आणि बाळांच्या यंत्रांची माहितीही त्याच वाटेनं जायची. आता स्विच सर्व्हरला विचारल्याशिवाय कोणाला आत घेणार नव्हता, आणि विचारायला वाट नव्हती. थेट केबल लावली तरी तेच. स्विचमधलं सगळं पुसून पहिल्यापासून मांडायचं तर तासभर.

फोन वाजला. मोठ्या सिस्टर होत्या.

"बोर्ड काळा पडलाय. सात बाळांचे ठोके दिसत नाहीयेत. दोघींना बाळांच्या काचेच्या पेट्यांपाशी उभं केलंय, पण अशा किती वेळ उभ्या राहतील त्या?"

स्विचच्या खोलीची किल्ली आणि लॅपटॉप घेऊन ती जिन्यानं धावत सुटली.

वर पोचली तेव्हा बोर्ड उजळला होता. सातही हिरव्या रेघा चालू होत्या. सिस्टरांनी स्विचच्या खोलीकडे मान वळवली.

"चपळ आहे हो तुमचा माणूस. मगापासून आत टकटक चाललीय."

खोलीला बाहेरून कुलूप होतं. किल्ली एकच, ती तिच्या मुठीत.

तिनं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. पंखे घरघरत होते. थेट केबल लावायच्या भोकात धूळ जाऊ नये म्हणून अप्पा कापसाचा बोळा कोंबून ठेवायचे. कालपर्यंत तो तिथेच होता, आठ महिन्यांच्या धुळीनं काळवंडलेला. काम करताना अप्पा तो पेटीच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवायचे.

आता तो डाव्या कोपऱ्यावर होता.

खाली येऊन तिनं नोंदी उघडल्या. नाव: अप्पा. मार्ग: थेट केबल. आज्ञा दोनच. पहिली, वाट उघडणारी. दुसरी, सर्व्हर न सापडल्यास स्विचमध्येच साठवलेलं नाव चालेल, ही. नेमकी तीच ओळ ती विसरली होती. आल्याची वेळ होती. गेल्याची नव्हती.

तिनं साहेबांना बोलावलं आणि स्वतःच्या चुकीसकट सगळं सांगितलं.

"नाव काढलं होतंस ना?" त्यांनी विचारलं.

"सकाळीच."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग उरलेले अकरा स्विच कधी करणार, एवढंच विचारलं.

"आजच," ती म्हणाली.

दुपारी तिनं दुसऱ्या मजल्यावरचा स्विच घेतला. या वेळी शहाण्यासारख्या दोन खिडक्या उघडायच्या होत्या. पहिली उघडली. दुसरी उघडण्याआधी, आत आत्ता कोण कोण आहे ती यादी पाहिली.

दोन ओळी होत्या.

वरची तिची. खालच्या ओळीचा मार्ग थेट केबलचा होता, आणि शेवटची कळ दाबल्याला झालेला वेळ, शून्य सेकंद.

तिनं दुसरी खिडकी उघडली नाही. खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागली.