बाबांच्या वहीतला पाऊस

बाबांनी लावलेल्या हापूसच्या कलमावर कोणीतरी लाल रंगाने फुली मारली होती, आणि मारणारा शहाणा आमच्याच आवाराच्या दगडी गडग्यावर बसून आमच्याच विहिरीचं पाणी पीत होता. माझं डोकंच फिरलं.

समर्थ नाव त्याचं, चिपळूणचा. वर कातळाच्या सड्यावर असलेल्या टॉवरवरून खाडीपलीकडच्या दवाखान्यात बिनतारी इंटरनेट न्यायचं काम त्याच्याकडे. दोन्ही टोकांच्या डिश एकमेकींना सरळ दिसायला हव्यात, मधे झाड आलं की लिंक बंद, म्हणून कलम तोडायचं - असं त्याने समजावलं. हळू आवाजात, नजर खाली घालून... त्यामुळे तर आणखीच राग आला. मी भांडायला आले होते!

"आणि पाऊस मधे आला की? तोही तोडणार?"

पाऊस धरलाय म्हणे हिशेबात. त्याच्या कागदावर बघते तर पावसाचा आकडा पुण्याचा! जुन्या कामातला तसाच उचललेला. चिपळूणच्या माणसाने असं करावं? मी आतून बाबांची वही आणून त्याच्यापुढे आपटली. बाबा पर्जन्यमापक बघून रोज लिहायचे, मुसळधार असला तर तासातासाला. ते गेल्यापासून मी लिहिते.

चार पानं उलटली आणि त्याचा चेहरा उतरला. एवढ्या पावसात, कलम तोडूनसुद्धा, त्याची लिंक दवाखान्यापर्यंत टिकणार नव्हती. मधे एक डिश बसवून अंतर अर्धं करायला हवं होतं. आमच्या पाण्याच्या टाकीवरून दोन्हीकडे मोकळं दिसत होतं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "साहेबांना मीच सांगतो."

नोकरी नवी होती, तरी सांगितलं. बोलणी खाल्ली, पण मधली डिश आमच्या टाकीवर बसली आणि कलम वाचलं.

जुलैत पावसाने जोर धरला की याचा फोन - लिंक चालू आहे ना? मी छत्री घेऊन टाकीपर्यंत जायची, हिरवा दिवा बघायची, चिंब होऊन परत यायची. पंधरा दिवस! मग दुरुस्तीला आलेल्या माणसाकडून कळलं, हे सगळं यांना ऑफिसात बसून दिसतं.

मी फोन लावला. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"लिंक दिसते हो..." तो म्हणाला. "तुम्ही नाही ना दिसत."

काय म्हणावं या माणसाला! मला हसू येत होतं, आणि त्या हसण्याचाही रागच येत होता.

"रविवारी घरी या," मी म्हटलं. "आई असेल. आणि थिनर घेऊन या. कलमावरची ती फुली तुम्हीच पुसायची."

शनिवारीच आला, मेला.