तांड्याजवळ तुटलेली केबल

"छत्री वाऱ्याच्या बाजूने धरा... आणि केबलच्या त्या टोकाला डोळा लावू नका!"

खड्ड्यात उकिडवी बसलेली अनघा ओरडली, तसा राजकुमार मागे सरला.

दोन हजार सहाचा मार्च. दिग्रस-पुसद रस्त्यावर ऑप्टिकल फायबर तुटली आणि सकाळपासून फोन मुके झाले. जिनिंगवाल्यांना कापसाचा भाव कळेना. यवतमाळहून टेलिफोनच्या नोकरीत आलेल्या अनघाची ही पहिलीच जोडणी, त्यात सोबतचा माणूस तापाने पडलेला. म्हणून जवळच्या बंजारा तांड्यावरून आलेल्या या उंच गड्याच्या हाती तिने छत्री दिली होती.

"काहून? आत तं अंधारच हाय."

"लेझरचा प्रकाश आहे. दिसत नाही, पण डोळा जाळतो."

"दिसत नाही अन् जाळते?" तो हसला. "मंग आधी सांगाले पायजे होतं मॅडम... म्या तं सकाळपासून पाहूनच राह्यलो."

"केबलकडे?"

तो उगाच छत्री सावरू लागला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

केबलमधली केसाएवढी काच पुसून तिने जोडणीच्या यंत्रात ठेवली. धूळ उडाली, जोड फसला. दुसराही फसला. राजकुमार वाऱ्याला पाठ करून बसला आणि खांद्यावरचा दुपट्टा पसरून त्याने आडोसा केला.

"आता करा. म्या जिनिंगात मशिनी दुरुस्त करतो. घाई केली का काम बिघडते."

तिसरा जोड बसला. दुपारी चारपर्यंत सगळे बसले, फोन खणखणू लागले. ती हसली... आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, केबल म्याच तोडली. पाइप टाकाले खोदून राह्यलो होतो, सब्बल लागली."

"मला रिपोर्टात लिहावं लागेल."

"लिहा. लपवून तुमच्यासमोर उभं राहवत नाही."

खड्डा बुजवण्याआधी तिने टेप लावून खोली मोजली. पाच फूट खोल हवी ती केबल दीड फुटावर! तिने दोन्ही गोष्टी लिहिल्या. केबल पुरणाऱ्या कंत्राटदाराचं नाव पाहून साहेब कुरकुरले, पण ती हटली नाही. दंड कंत्राटदारावर गेला.

मग रोज संध्याकाळी सहाला नाक्यावरच्या बूथवरून राजकुमारचा फोन येऊ लागला.

"लाइन चालू हाय नं?"

"चालू आहे म्हणून तर बोलताय!"

"मंग उद्या करू नोको?"

"...करा. तपासलेली बरी."

आठव्या दिवशी फोन आला नाही. नवव्याही दिवशी नाही. रविवारी दुपारी अनघा एसटीने तांड्यावर उतरली. राजकुमार अंगणात सायकल पुसत होता; तिला पाहून तो उभाच राहिला.

"लाइन खराब झाली का?"

"लाइन ठीक आहे. तुमचा फोन आला नाही."

"बूथवाला लग्नाले गेला..." तो अडखळला. "खरं सांगू? म्या लाइनसाठी नव्हतो करत. तुमच्या आवाजासाठी करत होतो."

"मीही रोज सहाला फोनजवळच बसायचे," ती हळूच म्हणाली.

दारातून त्याची आई रामीबाई हसली. "आव बेटी, बेस."

"परतीची एसटी चारला हाय," राजकुमार घाईघाईने म्हणाला.

अनघा बाजेवर ऐसपैस बसली. "सहालाही एक असते ना?"