डाव्या कुशीवर

हौसाबाई सुरवसे जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी विशेषज्ञ परीक्षा मंडळाच्या हृदयरोग विभागाचं त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं. दर डिसेंबरात परीक्षेच्या दालनात त्या पलंगावर निजलेल्या असायच्या. हिरवी सुती साडी, कपाळावर गोंदण, आणि हात धरला तर उबदार. उमेदवार आत आला की म्हणायच्या, "या डॉक्टर. जेवून आलात न्हवं?"

देह बनवलेला होता. आतल्या हौसाबाई मात्र बनवलेल्या नव्हत्या, उतरवून घेतलेल्या होत्या.

पूर्वी विशेषज्ञ व्हायचं तर खरा रुग्ण तपासून दाखवावा लागे. त्यात नशिबाचा भाग फार. एकाच्या वाट्याला गोड बोलणारा माणूस यायचा, दुसऱ्याच्या वाट्याला दिवसभर छाती ठोकून घेऊन वैतागलेला. नापास झालेले न्यायालयात गेले आणि न्यायालयाने सांगितलं, सर्वांना एकच रुग्ण द्या आणि तोही एकाच अवस्थेत. सांगणाऱ्याचं काय जातं! सकाळी पहिल्या उमेदवारापुढे असलेला माणूस संध्याकाळी शेवटच्यापुढे तोच कसा राहील? तेव्हा मंडळाने प्रतिरुग्णाची वाट धरली. प्रतिरुग्ण म्हणजे एका खऱ्या रुग्णाची हुबेहूब प्रत, त्याच्या हृदयाच्या ठोक्यांपासून ते त्याच्या आठवणी, बोलण्याची ढब आणि रागलोभापर्यंत. हौसाबाईंना लहानपणी सांधे धरून ताप आला होता आणि त्यात हृदयाची एक झडप कायमची अरुंद झाली होती. त्यातून रक्त जाताना जो हलका घरघराट होतो, तो ऐकून ओळखणं ही हृदयरोगाची जुनी कसोटी. त्या हयात असतानाच, एका सकाळी, मंडळाने त्यांना उतरवून घेतलं.

एक उमेदवार तपासून गेला की प्रतिरुग्णाची स्मृती पुसून पुन्हा त्या मूळ सकाळवर आणून ठेवत. तंत्रज्ञ याला सारवण म्हणायचे. जमीन सारवली की आधीची पावलं दिसत नाहीत, तसं. हौसाबाईंना प्रत्येक उमेदवार पहिलाच वाटायचा, आणि त्याला जेवणाचं विचारायचं राहून गेलं असं कधी झालं नाही.

त्यांची मुलगी पद्मा बार्शीच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होती. गाड्या लावणं, चालकांची भांडणं सोडवणं आणि ध्वनिक्षेपकावरून ओरडणं यात तिचा जन्म गेला. मंडळाच्या नियमात वारसभेटीची सोय होती. परीक्षा संपल्यावर वर्षातून एकदा वारसाने प्रतिरुग्णाजवळ थोडा वेळ बसावं. पद्माने एकही भेट चुकवली नव्हती. त्या वर्षी मात्र तिला परीक्षेच्या आधीच बोलावणं आलं.

परीक्षा-शिस्त समितीचे सचिव डॉ. तन्वीर मुजावर यांनी तिला चहा दिला, स्वतःसाठीही मागवला आणि तो निवेपर्यंत इकडचंतिकडचं बोलत राहिले.

"डॉक्टर, माझी दुपारची पाळी आहे," पद्मा म्हणाली. "आईचं काय बिघडलंय का?"

"बिघडलं काहीच नाही, ताई. तीच अडचण आहे." त्यांनी कप बाजूला सारला. "तुमच्या आई उमेदवारांना उत्तर सांगतात."

पद्माला हसू आलं. "म्हणजे?"

"त्यांच्या हृदयातला तो आवाज त्या उताण्या असताना जवळजवळ ऐकूच येत नाही. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवलं की हृदय छातीच्या भिंतीशी येतं आणि आवाज सापडतो. उमेदवाराला हे सुचतं का, हेच तर आम्ही बघतो. आणि या हळूच सांगतात, 'लेकरा, मला डाव्या कुशीवर घे, मग ऐकू येतंय.'"

"तिला कुणीतरी सांगितलं असेल."

"जिवंतपणी खऱ्या रुग्ण म्हणून इतक्या परीक्षांना आल्या होत्या, ऐकून ऐकून पाठ झालं असणार. पण त्या सगळ्यांना सांगत नाहीत. ज्याचे हात थरथरतात, घशाला कोरड पडते, त्यालाच सांगतात. मागच्या वर्षी एक हुशार मुलगा नापास झाला. त्याने तक्रार केली आहे की, मी घाबरलो नाही म्हणून मला मदत मिळाली नाही. आणि नियमाने बघितलं तर त्याचं बरोबर आहे."

समिती म्हटली की उपसमिती आलीच, आणि उपसमिती म्हटली की चहा-बिस्किटं. सगळ्यांनी मिळून सगळे उपाय करून पाहिले होते. दर सारवणानंतर हौसाबाईंना बजावलं, की मावशी, उमेदवाराला काही सांगायचं नाही. त्या म्हणायच्या, "न्हाई सांगत बाई, मी कशाला सांगू?" आणि थरथरता हात दिसला की सांगायच्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ती आठवणच तात्पुरती झाकून पाहिली, तर त्या उत्तर सांगेनाशा झाल्या, पण घाबरलेल्याचा हात धरून ठेवायला लागल्या. तेवढ्यानेही त्याचं डोकं ताळ्यावर यायचं आणि त्याला कुशीवर वळवायचं सुचायचं. समितीने आठवणीवरचं झाकण काढलं आणि मुळालाच हात घालायचं ठरवलं.

"माणसाच्या मनात एक गाठ असते," मुजावर म्हणाले. "आम्ही तिला भयवेध म्हणतो. समोरचा भ्यालाय हे त्याने न सांगता कळणं, आणि कळल्यावर त्याच्याकडे ओढलं जाणं. कुणात ती गाठ सैल असते, कुणात घट्ट. तुमच्या आईत... असो. ती सोडवता येईल. बाकी सगळ्या तशाच राहतील. आवाज, आठवणी, तुम्हाला ओळखणं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"वारसाच्या संमतीशिवाय प्रतिरुग्णात कायमचा बदल करता येत नाही. पण तक्रार टिकली आहे, त्यामुळे आहे तसं वापरताही येणार नाही. मग त्यांना बंद करावं लागेल."

"सोडवलेली गाठ नंतर परत बांधता येते?"

"नाही. एका रुग्णाची एकच प्रत ठेवायची असा नियम आहे. नाहीतर कुणाला कोणती हौसाबाई मिळाली, यावर पुन्हा भांडणं."

पद्मा म्हणाली, "मला आधी तिला भेटायचंय."

नियमात ते बसत नव्हतं. मुजावरांनी ते बसवलं.

दालनात पाऊल टाकताच हौसाबाई म्हणाल्या, "पद्मे, तोंड का उतरलंय गं? आणि केसाला काय फासलंयस?"

"मेंदी उतरलीय," पद्माने दर वर्षीचं उत्तर दिलं. आईच्या त्या मूळ सकाळी तिचे केस काळेभोर होते.

"दिगंबरशी भांडलीस?"

"नाही गं. ते काय भांडणार? घरात तोंड उघडतात कुठे." दिगंबर पद्माचा नवरा. दुखलं-खुपलं पोटात ठेवणारा, बँकेतला साधासरळ माणूस. "आई, तू त्या पोरांना सांगतेस म्हणे?"

हौसाबाईंनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "सांगू नको म्हणालेत मला. पण पोरगं पुढ्यात लटालटा कापतंय, त्याच्या आईबापानी काय काय विकून शिकवलं असंल, आणि आपण मढ्यावानी बघत पडायचं व्हय? शिकलंय ते सगळं. भ्यालंय निस्तं. भ्यालेल्याला येवढं एक सांगितलं की बाकीचं आपसूक आठवतंय त्याला."

तू गेलीस आई, ही तुझी प्रत आहे आणि तिच्यातली माया काढायची का असं मला विचारतायत, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? तिने पलंगाच्या कडेला हात टेकला. हौसाबाईंनी लगेच त्यावर आपला हात ठेवला.

"थरथरतीयास की. कशाला भितीस?"

"एका कागदावर सही करायचीय."

"नाही केली तर?"

"नाही केली तर तू... तर तुझी भेट होणार नाही."

हौसाबाईंनी सगळं समजल्यासारखी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं. समजली होती फक्त लेकीची भीती. त्या तिच्या कानाशी आल्या आणि ज्या आवाजात इतक्या उमेदवारांना सांगितलं होतं, त्याच आवाजात म्हणाल्या, "मग कर की सही. भिऊ नको. माझं काय जातंय?"

पद्माने बाहेर येऊन सही केली. तिच्या परीक्षेतलं उत्तरही आईनेच सांगितलं होतं, हे तिला एसटीत बसल्यावर कळलं. तेव्हा गाडी बार्शीच्या वाटेला लागली होती.

त्यानंतर परीक्षा सुरळीत होऊ लागल्या. एकही तक्रार आली नाही. हौसाबाई विचारलेल्या प्रश्नांची चोख उत्तरं द्यायच्या. इतर विभागांनीही आपापल्या प्रतिरुग्णांची ती गाठ सोडवून घेतली. आणि उमेदवार तर काय, परीक्षेत जे लागतं तेवढंच शिकतात. पलंगाजवळ बसून, हात हातात घेऊन आता काही मिळत नाही, हे एका तुकडीकडून दुसरीकडे गेलं. पोरं आत यायची, प्रश्न विचारायची, रुग्ण डाव्या कुशीवर वळवायची, निदान सांगायची आणि उत्तम गुणांनी पास व्हायची. चेहऱ्याकडे बघण्यात वेळ घालवायचं कुणाला कारणच उरलं नाही.

वारसभेटीला पद्मा जातच राहिली. आई ओळखायची, जेवणाचंही विचारायची. फक्त तोंड का उतरलंय, असं पुन्हा कधी विचारलं नाही. पद्मा मनाशी म्हणायची, माझं तोंड उतरलेलं नसेल.

चौथ्या वर्षी दिगंबरच्या छातीत कळ आली. पद्मा त्याला घेऊन रुग्णालयात गेली. डॉक्टर तरुण होता, नव्या परीक्षेतून पास झालेला. तपासणीत त्याने काही म्हणता काही सोडलं नाही. हृदयाला रक्त नेणाऱ्या दोन नळ्या बंद आहेत, शस्त्रक्रिया लागेल, धोका इतका आहे, फायदा इतका आहे, हे त्याने स्वच्छ मराठीत सांगितलं आणि विचारलं, "करायची का?"

दिगंबरने मांडीवर घट्ट धरलेले हात लटलटत होते. तो म्हणाला, "विचार करून सांगतो."

"सावकाश सांगा," डॉक्टर म्हणाला आणि त्याने पुढच्या रुग्णाला बोलावलं. तो उद्धट नव्हता, घाईतही नव्हता. त्याला दिसलंच नाही.

पद्माला दिसलं होतं. पण डॉक्टरांपुढे आपण काय बोलायचं, म्हणून ती गप्प बसली. घरी दिगंबर रोज उद्या म्हणत राहिला, आणि संक्रांतीच्या आत गेला. दिवसकार्याला मुजावर स्वतः आले. त्यांनी दिगंबरची कागदपत्रं मागवून बघितली होती. "निदान अचूक होतं, ताई. सल्लाही. त्या मुलाची कुठेच चूक दाखवता येणार नाही," ते म्हणाले, आणि पुढे, मान खाली घालून, "ती गाठ सोडवायला समितीत मीही हात वर केला होता."

त्यांनीच तिला पुन्हा नियमाबाहेर जाऊन भेट दिली. पद्मा दालनात गेली तेव्हा तिच्या कपाळावर टिकली नव्हती आणि डोळे सुजलेले होते.

"ये पद्मे," हौसाबाई म्हणाल्या. "जेवून आलीस न्हवं?"

"आई, माझ्याकडे बघ."

त्यांनी बघितलं. नीट, निरखून बघितलं, कारण बघ म्हटलं होतं. "केसाला काय फासलंयस?"

"आई, हे गेले."

"दिगंबर?" हौसाबाईंनी विचारलं. "दम लागत हुता का त्याला? मला बी लागतोय जिना चढताना. रातीला उशी उंच लागती."

तोच आवाज, तीच सोलापुरी बोली, गालावर तीच खळी. पद्माला रडता येईना. भांडावं तर कुणाशी? सही तिची होती. तिने हात पुढे केला आणि आईच्या हातावर ठेवला, त्या दिवशी आईने ठेवला होता तसा. तो इतका थरथरत होता की बांगड्या वाजत होत्या.

हौसाबाईंनी हाताकडे बघितलं. मग समजूतदारपणे आपलं मनगट उलटं करून तिच्या बोटांखाली दिलं, तिला नाडी सापडावी म्हणून, आणि छताकडे बघत, मोजून होण्याची वाट पाहत त्या स्वस्थ पडून राहिल्या.