साडूची बाजू

भुताची गोष्ट म्हटली की लोक आधी दिवा बारीक करतात. इथे त्याची गरज नाही. ही गोष्ट घडली भर उन्हात, नदीकाठच्या बागेत, हातात चहा घेऊन हसणाऱ्या माणसांच्या देखत.

घड्याळजी त्या सकाळी निघाले ते साध्या कामाला. होडीची वल्ही ज्या खुंट्यांत फिरतात त्या करकरत होत्या, त्यांना वंगण हवं होतं. सायकलच्या दुकानातून एक डबी घेतली, खिशात टाकली आणि ते बागेकडे चालू लागले. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेल्यामुळे त्यांच्या डोळ्यांना एक खोड जडली होती, जराही तिरकं काही सहन होत नसे. लंबकाचं घड्याळ केसभर कललं तरी बंद पडतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करत आणि मगच पाणी पीत.

छोट्या होड्यांच्या मालकांचा मेळावा वर्षातून एकदा त्या बागेत भरे, आणि तो त्याच दिवशी होता. मालक म्हणजे कुणी बडी धेंडं नव्हेत. एक दातांचे डॉक्टर, एक बेकरीवाला, एक निवृत्त पोस्टमन, अशी माणसं. रविवारी दोन घटका नदीत घालवायला मिळाव्यात म्हणून आठवडाभर बायकोचं निमूट ऐकणारी. सकाळभर कुणाची होडी कुठे गळते यावर पैजा लागायच्या, आणि दुपारी जोडीची शर्यत. बागेच्या धक्क्यावरून सुटायचं, वळणावरच्या डोहात लाल पिंप तरंगत असे त्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. पहिला येईल त्याला पितळी कप.

घड्याळजींची होडी अर्धी त्यांची आणि अर्धी साडूची. दोघी बहिणींचे नवरे, पण भांडायचे सख्ख्या भावांसारखे. साडूला मेळाव्यात सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण तो कधी बंद होत नसे. शर्यतीत घड्याळजी घाम गाळत वल्ही मारायचे आणि साडू मागच्या फळीवर सुकाणू धरून गावगप्पा ठोकायचा. त्याच्याजवळही एक आखूड वल्हं असे. ते पाण्याला लागल्याचं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. त्याचा उजवा गुडघा वाकत नसे. तो पाय पसरायला जागा हवी म्हणून हा गृहस्थ कायम डावीकडे रेलून बसे, आणि त्याच्या भारदस्त देहाने होडीची डावी कड पाण्यात राही. तिथलं लाकूड कुजलं तेव्हा घड्याळजींनी एका जुन्या घड्याळाच्या पेटीची पितळी पट्टी काढून तिथे ठोकली. त्या कडेला सगळे 'साडूची बाजू' म्हणू लागले. होडीत साडू असला की पट्टी पाण्याखाली, हे ठरलेलंच.

अशा थाटात नंबर कितवा येणार? दरवर्षी शेवटचा. तरीही साडूने घरच्या कपाटात वरची फळी मोकळी ठेवली होती. कुणी विचारलं तर म्हणे, "मग कप कुठे ठेवायचा?"

गेल्या थंडीत तो गेला. हृदयविकाराने, दवाखान्यातल्या खाटेवर. आदल्या संध्याकाळी घड्याळजी भेटून निघाले तेव्हा तोच म्हणाला, "येतो हं." निघणाऱ्याने म्हणायचं ते खाटेवरच्या माणसाने म्हटलं, म्हणून दोघेही हसले. दुसऱ्या दिवशी ते आठवून घड्याळजी दुकानाचं शटर अर्धं ओढून रडले. मेव्हणी ती रिकामी फळी अजून रोज पुसते. यंदा कप तिथे ठेवायचाच, असं घड्याळजींनी मनाशी पक्कं केलं होतं. आणि आणखी एक वेडी आशा होती, ती ते कुणाला सांगत नव्हते. येतो म्हणालाय ना, मग येईल.

जोडीला यंदा साडूची लेक होती. ती शाळेत मुलांना पोहायला शिकवायची. दंड असे की जाम झालेली झाकणं उघडायला शेजारीपाजारी तिच्याकडे यायचे. ती आधीच धक्क्यावर उभी होती, आणि तिच्याशेजारी बागेचा माळी.

"तुमची होडी पुरात सुटून गेली होती बरं का," माळी सांगत होता. "पाणी ओसरेपर्यंत तिकडे डोहातच अडकून पडली होती. मीच दोर लावून ओढून आणली. रिकामी होती, पण ओढताना जड लागली हो. हातांना फोड आले."

"रेडिओ बसला असेल आत," मागून बेकरीवाला म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. भाचीही हसली. घड्याळजी हसले नाहीत. त्यांच्या छातीत काहीतरी लकाकलं.

कारण होडी खरंच मागून दबलेली होती. आत कुणी नव्हतं, सामान नव्हतं, पाण्याचा थेंब नव्हता. भाचीने तळ हाताने चाचपून पाहिला, अगदी कोरडा. तरी मागची फळी पाण्याकडे झुकली होती, एखादा वजनदार माणूस बसल्यावर झुकते तशी. वारा अजिबात नव्हता. शेजारच्या होड्या डुलत होत्या आणि ही मात्र स्थिर होती.

"काका, लाकडाने पाणी प्यायलं असेल," भाची म्हणाली.

"असेल," घड्याळजी म्हणाले. मग त्यांनी साडूचं ते आखूड वल्हं मागच्या फळीवर नीट ठेवलं, पाहुण्यापुढे तांब्या ठेवावा तसं. भाचीने ते पाहिलं.

सुकाणूला बसायला कुणी नव्हतं, म्हणून ते दोरीने सरळ बांधून टाकलं. बेकरीवाल्याने शिट्टी फुंकली आणि होड्या सुटल्या. सुरुवातीला व्हायचं तेच झालं. दातांच्या डॉक्टरांची होडी सुळकन पुढे गेली, पोस्टमनही गेला, आणि यांची होडी चिखलातल्या म्हशीसारखी हलेना. काठावरून आरोळी आली, "घड्याळजी, तासकाटा झालात की हो." बायका-मुलं हसत होती. भाचीने दातओठ खाऊन जोर लावला. होडी कशीबशी डोहापर्यंत पोहोचली, तेव्हा बाकीच्यांचे वळसे घालून झाले होते.

डोहात नदीचा आवाज थांबतो. झाडं खाली वाकलेली, पाणी काळंशार. काठावरचा गलबला तिथे पोहोचत नव्हता. एक थंडगार वास मात्र होता, तळाच्या गाळाचा, फार दिवस न उघडलेल्या माठासारखा. वल्ही मारणाऱ्याची पाठ पुढे आणि तोंड मागे असतं, त्यामुळे घड्याळजींना समोर ती रिकामी फळी दिसत होती. ते पिंपाशी आले. आणि बांधलेल्या दोरीला ताण देऊन सुकाणू हळूच वळलं.

होडीने वळसा घेतला तो असा, की पिंपाला धक्काही लागला नाही.

"काका..." मागून भाची कुजबुजली. "तुम्ही पायाने ढकललंत?"

"नाही."

"मग..."

"वल्ही मार, पोरी."

त्यांची दोन वल्ही पाण्यात पडली, भाचीची दोन पडली, आणि त्यापाठोपाठ एक आवाज आला. छप्. पुन्हा त्यांची, पुन्हा भाचीची, आणि... छप्. घड्याळजींनी नजर वर केली. आखूड वल्हं फळीवर जागच्या जागी पडलं होतं. फक्त त्याच्या पात्यावरून पाणी ठिबकत होतं.

भीती वाटायला हवी होती. पण घड्याळजींना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. होडी आता अशी धावत होती की जन्मात धावली नव्हती. त्यांनी पोस्टमनला गाठलं. डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी मान वळवून पाहिलं आणि त्यांचं एक वल्हं हातातून सुटलंच. डाव्या कडेची पितळी पट्टी उन्हात अशी लखलखत होती की काठावरच्यांचे डोळे दिपले. धक्क्याला होडी लागली तेव्हा क्षणभर कुणाला ओरडायचंही सुचलं नाही, आणि मग जो गोंधळ उडाला त्यात चहाची किटली लवंडली.

"रेडिओने जन्मभर वल्हं धरलं नाही आणि मेल्यावर मारलं," घड्याळजी जो भेटेल त्याला सांगत सुटले. लोकांना वाटलं, म्हातारा आनंदाने बहकलाय. पण सांगण्यात मजा होती, म्हणून त्यांनीही सूर मिळवला. बेकरीवाला म्हणाला, "आणि एवढा वेळ गप्पही बसला. मरणाने माणूस सुधारतो म्हणायचं." डॉक्टरांनी स्वतः कप घड्याळजींच्या हातात दिला आणि मिठी मारली. इतक्या वर्षांत इतकं हसू त्या बागेत झालं नव्हतं.

लोक पांगल्यावर घड्याळजी एकटेच धक्क्याच्या टोकाशी गेले. होडी अजून मागून दबलेलीच होती. त्यांनी वाकून, हळू आवाजात सांगितलं, "साडूभाऊ, जिंकलो. कप तुमच्या फळीवर जाणार. आज माझ्याकडेच जेवण आहे, मेव्हणीही आलीय. चला घरी. नको म्हणायचं नाही."

होडी एकदम वर उचलली गेली, वजनदार माणूस उतरल्यावर उचलली जाते तशी, आणि पाण्यावर रिकामी डुलू लागली. धक्क्याची फळी त्यांच्या पायाशी वाजली. पाहुणा मानी निघाला नाही, याचं घड्याळजींना फार बरं वाटलं.

होडी छपराखाली पालथी घालताना ती पिसासारखी हलकी लागली. माळीही चकित झाला.

भाचीची गाडी लहान होती. ती चालवत होती आणि शेजारी घड्याळजी कप मांडीवर घेऊन बसले होते, पहिल्या नंबराच्या शाळकरी पोरासारखे. बागेच्या फाटकाशी रस्त्याला उंचवटा होता. सकाळी गाडी त्यावरून सहज आली होती. आता तिचा मागचा भाग खालून खरवडला.

"काका, मागे काही ठेवलंय?"

"काही नाही. कप तर माझ्याजवळ आहे."

दिवे अजून लागायचे होते, रस्त्यावर लख्ख संध्याकाळ होती, मुलं सायकली फिरवत होती. गाडीत मात्र थंडगार वास येत होता.

"काका, एक विचारू? होडी पालथी घातली ना, तेव्हा मी पुसत होते. तुमची ती पट्टी..."

"काय झालं पट्टीला?"

"कोरडी होती. ठणठणीत. ओली होती ती समोरची, उजवी कड. पार वरपर्यंत ओली, आणि गाळाने माखलेली." तिने आवाज आणखी खाली आणला. "बाबा त्या बाजूला कधी बसायचे?"

घड्याळजींचे हात कपावर थांबले. जगातल्या सगळ्या तिरक्या तसबिरी ज्यांना दिसायच्या, त्यांना आपलीच होडी भलत्या बाजूला कललेली दिसली नव्हती. दिसायची त्यांची इच्छाच नव्हती. पट्टी उन्हात लखलखत होती, म्हणजे पाण्याच्या वर होती. साडूने उभ्या जन्मात वल्हं मारलं नाही. साडू उभ्या जन्मात घटकाभर गप्प बसला नाही. ही होडी पुराचे सगळे दिवस डोहात अडकून पडली होती, आणि माळ्याने ओढली तेव्हाच जड होती.

मग त्यांना आपलं आमंत्रण शब्द न् शब्द आठवलं. चला घरी. नको म्हणायचं नाही. घरी बायको होती, मेव्हणी होती.

त्यांनी आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. पण तिची उजवी बाजू, भाचीच्या बरोबर पाठीमागची, खोल दबली होती आणि कापडावर ओल पसरत होती.

"पोरी," ते कसेबसे म्हणाले, "गाडी घराकडे नको नेऊस."

तेवढ्यात फोन वाजला. भाचीने सवयीने बटण दाबलं आणि गाडीत घड्याळजींच्या बायकोचा आवाज भरला. मागे मेव्हणीचं हसू ऐकू येत होतं, कप मिळाल्याचं तिला कळलं होतं.

"अहो, किती जण येताय? ताटं मांडतेय मी."

भाचीचे हात चाकावर घट्ट झाले. दोघांपैकी कुणीच बोललं नाही. मागे फक्त थेंब पडल्याचा आवाज होत होता.

"बरं बरं, तिघं," बायको म्हणाली. "आणि आवाज असा का बसलाय तुमचा? या लवकर, दार उघडंच ठेवते."

घड्याळजींनी अजून तोंड उघडलं नव्हतं.