सरिताच्या हॉटेलातला नवा आचारी

आंबेनळी घाटात दरड आली आणि महाबळेश्वरची एसटी पोलादपुरातच थांबली. उतरलेल्यांपैकी एकजण सरिताच्या हॉटेलात चहाला शिरला. नाव अश्वजित, राहणार महाड. महाबळेश्वरला एका हॉटेलात आचारी म्हणून रुजू व्हायला निघाला होता.

सरिताचा आचारी नेमका त्याच सकाळी काम सोडून गेला होता. तिच्याकडे माणूस टिकतच नव्हता. भाकरी थापता थापता तिने विचारलं, घाट मोकळा होईपर्यंत इथे स्वयंपाक कराल का?

त्याने पगाराचं काही विचारलं नाही.

"तुमची माणसं जेवतात कधी?"

ती गोंधळली. भांडी घासणाऱ्या धोंडूबाई, वाढपी मंगेश... उरलंसुरलं उभ्याउभ्याच खायचे. वडिलांच्या वेळेपासून तसंच चाललेलं.

"उद्यापासून... सगळे बसून जेवू," ती म्हणाली.

मग रोज गर्दी ओसरली की सगळ्यांची पंगत बसू लागली. अश्वजित वाढायचा. सरिताच्या ताटात माशाची तुकडी जरा मोठीच पडायची, आणि धोंडूबाई पदराआड हसायच्या. सारखा मुंबईला जायचं म्हणणाऱ्या मंगेशनेही तो विषय सोडून दिला. घाट मोकळा झाला, तरी अश्वजित निघाला नाही. सरितानेही विचारलं नाही. विचारलं आणि खरंच गेला तर—

एका रविवारी सहलीची बस आली. टेबल पुसताना पाणी उडालं म्हणून एक गिऱ्हाईक धोंडूबाईंना नको नको ते बोललं. सरिता गल्ल्यावरून उठली.

"त्यांची माफी मागा, नाहीतर दुसरीकडे जेवा."

अख्खी बस उठून गेली. रांधलेलं सगळं तसंच राहिलं. धोंडूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माज्यापायी एवढं नुसकान कशाला गो?"

"तुमी हाय म्हणून हाटेल हाय," सरिता म्हणाली.

अश्वजित चुलीपाशी उभा राहून तिच्याकडे बघत होता. संध्याकाळी ती मागच्या पडवीत एकटी दिसली, तसा तो आला.

"एक बोलायचं होतं... पण मी तुमच्याकडे कामाला. तुम्हाला अवघड व्हायचं."

सरिताचंही तिथेच अडलं होतं. मालकिणीने विचारलं, तर माणूस नाही कसं म्हणणार?

"मग मीच बोलते," ती हळूच म्हणाली. "मला तुम्ही आवडता. नाही म्हणालात तरी काम तुमचंच राहील."

तो गालात हसला.

"आणि हो म्हणालो तर?"

"तर... मला अहो-जाहो करणं सोडा."

"बरं," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "...सरिता."