काजळ पळाली नव्हती

"उद्या सकाळी काजळला सुई देणार! कायमची!"

शेपूट धापा टाकत गवताच्या कोठारात घुसला. त्याच्या एकाच पायात चप्पल होती, दुसरी वाटेत कुठेतरी गळली होती. शेपूट म्हणजे वकीलचा धाकटा भाऊ. वकील जाईल तिथे हा मागे, म्हणून शेपूट. आणि वकील काही खराखुरा वकील नव्हता, नुकताच आठवीत गेला होता. पण 'आज गरम होतंय' एवढं कुणी म्हटलं तरी तो वाद घालायचा, म्हणून ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

"बरं झालं," कोठारात वकीलशेजारी बसलेली टिटवी म्हणाली.

दोघे भाऊ तिच्याकडे बघतच राहिले. एरवी टिटवी बोलली की तबेल्यातले सगळे घोडे कान टवकारायचे. आज तिचा आवाज घोगरा होता आणि डोळे सुजले होते. काल दुपारी तिची ताई काजळवरून पडली होती. घोडेस्वारी शाळेतल्या नव्या मुलांना ताईच शिकवायची. ओढ्याकाठच्या वाटेवर ती एकटी फेरी मारायला गेली आणि संध्याकाळी सगळे शोधत गेले तेव्हा चिखलात निपचित पडलेली सापडली. मांडीचं हाड मोडलेलं, डोक्याला मार, अंग गार पडलेलं. ती अजून शुद्धीवर आली नव्हती. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि तेव्हापासून बाबा एकच वाक्य बोलले होते, "ती घोडी मला जिवंत दिसता कामा नये."

"मॅनेजरसाहेब सांगत होते," शेपूट म्हणाला, "काजळने ताईला उडवलं आणि चौखूर उधळत एकटीच थेट तबेल्यात आली. म्हणून तर ताई कुठे पडली ते कळायला उशीर झाला. शोधायला संध्याकाळ उजाडली."

"संध्याकाळ उजाडत नाही, होते," वकील म्हणाला. पण त्याचंही वाद घालण्यात मन नव्हतं.

टिटवी ताडकन उठली. "मी तिला तोंडावर सांगून येते, उद्या तू मरणार आहेस म्हणून!"

काजळ आपल्या ठाणावर भिंतीकडे तोंड करून उभी होती. काळीभोर, वयस्कर घोडी. समोरच्या चाऱ्याला तिने तोंडही लावलं नव्हतं. टिटवीने बोलायचं खूप काही ठरवलं होतं. पण ती मटकन खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली.

मानेवर गरम श्वास आला. काजळने वळून मान खाली घातली होती आणि तिचं मऊ नाक टिटवीच्या मानेला टेकलं होतं. टिटवीने तिला ढकललं. घोडी हलली नाही. ढकलता ढकलता टिटवीचं लक्ष तिच्या मागच्या पुठ्ठ्यांकडे गेलं. काळ्या कातडीवर जाड वळ उठले होते. एकावर एक, सुजलेले.

"वकील! इकडे ये! हिला कुणी मारलंय!"

"झाडाच्या फांद्या लागल्या असतील की उधळताना."

"फांद्या फक्त मागेच लागतात? छातीवर एक ओरखडा नाही!" टिटवी उभी राहिली. तिचा आवाज परत येऊ लागला होता. "आणि वकील, काजळ उधळलीच कशी? पडण्याचा तास आठव!"

पडण्याचा तास ही ताईची खास शिस्त होती. पडायला शिकल्याशिवाय ती कुणालाच लगाम हातात देत नसे. सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात तिने प्रत्येकाला वाळूच्या रिंगणात एकेका घोड्यावरून मुद्दाम घरंगळायला लावलं होतं. फटाका हा घोडा पाठ रिकामी झाली की शेपटी वर करून तबेल्याकडे सुसाट सुटायचा. भोपळ्याला स्वार पडल्याचा पत्ताच लागायचा नाही, तो तिथेच गवत शोधायचा. राजा लांबून गोल गोल फिरायचा आणि पकडायला गेलं की आणखी लांब जायचा. "त्यांच्यावर चिडायचं नाही," ताई सांगायची. "पाठीवरचं माणूस अचानक नाहीसं झालं की घोडा घाबरतो, आणि घोड्याची भीती पायांत असते. आपला घोडा काय करतो ते आपल्याला आधीच माहीत पाहिजे."

आणि काजळ? ती जागच्या जागी थांबायची, वळायची, पडलेल्याच्या मानेला नाक लावून उभी राहायची. शेपूट एकदा गंमत म्हणून जेवायची घंटा होईपर्यंत तसाच लोळत पडला होता. काजळ तिथून हलली नव्हती.

"ओढ्यावर चला!" टिटवी म्हणाली.

ताई सापडली तिथला चिखल अजून ओला होता. तिच्या अंगाचा ठसा दिसत होता. आणि त्या ठशाभोवती काय होतं? नालांचे ठसे! एकावर एक, तुडवून तुडवून झालेलं एक अर्धं रिंगण.

"सापडलं!" शेपूट एका झुडपामागून ओरडला. "लीद! एक नाही, तीन ढीग! सगळे एकाच जागी!"

"शी! त्यात ओरडण्यासारखं काय आहे?"

"अरे, पळणारा घोडा एकाच जागी तीनदा कशी टाकेल?"

वकीलने आयुष्यात पहिल्यांदा भावाचं म्हणणं वाद न घालता मान्य केलं. काजळ इथे उभी होती. बराच वेळ उभी होती. मग नालांचे ठसे परतीच्या वाटेला लागले होते, तेही जवळ जवळ पडलेले. दोन ठिकाणी खूर घसरून माती उकरली गेली होती, जायचं नसताना ओढून नेल्यासारखी. आणि शेजारी बुटांचे ठसे होते.

तिघं परत निघाली. शाळेच्या कुंपणाचं फाटक ओलांडल्यावर वकीलने सवयीने मागे वळून कडी लावली. इथे येणाऱ्या प्रत्येकाला ती सवय लागायचीच. फाटक उघडं राहिलं की घोडे रस्त्यावर जातात, त्यामुळे मालकीणबाई एरवी कितीही प्रेमळ असल्या तरी कडी विसरणाऱ्याची गय करत नसत.

टिटवी थबकली. "वकील, काल ताईला शोधायला सगळ्यांत पुढे तू धावत होतास. फाटक उघडं होतं?"

"छे! कडी घट्ट बसली होती. हे बघ, नख काळं पडलंय." वकीलने बोट पुढे केलं आणि त्याचा हात तसाच हवेत राहिला. "बाप रे! घोडी एकटीच आत आली, तर मग तिच्यामागे कडी कुणी लावली?"

उरलेलं काम खोगिरांच्या खोलीत झालं. काजळचं खोगीर खुंटीवर होतं. पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, ज्याला सगळे तंग म्हणत, तो शेपटाने हातात घेतला आणि नाकाला लावला. "याला दुकानाचा वास येतोय!"

वास दुकानाचाच होता. पट्टा कडक होता, घामाचा डाग नव्हता, एक काळा केस चिकटलेला नव्हता.  जुना तंग झिजून तुटायला आला होता, हे ताईने महिन्याभरात कितीदा तरी मॅनेजरसाहेबांना सांगितलं होतं. नव्या सामानाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात असायची आणि दर वेळी उत्तर यायचं, "सुट्टी संपली की बघू."

सकाळी पटांगणात जनावरांचे डॉक्टर बॅग घेऊन आले. मालकीणबाई होत्या, मॅनेजरसाहेब होते, घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार मान खाली घालून उभा होता. दवाखान्यातून बाबाही आले होते. त्यांच्या शर्टावर अजून परवाचा चिखल होता.

"घोडीला बाहेर काढ," मॅनेजरसाहेबांनी मोतद्दाराला सांगितलं.

पण तबेल्याच्या दारात शेपूट आडवा पडला होता. "माझं पोट दुखतंय! हात लावलात तर ओकेन!"

"ऊठ रे कार्ट्या!"

तेवढ्यात मागच्या दाराने टापांचा आवाज आला. टिटवी काजळच्या उघड्या पाठीवर बसून पटांगणात आली होती. ना खोगीर, ना लगाम, नुसती आयाळ घट्ट धरलेली.

"खाली उतर!" बाबा किंचाळले. "उतर म्हणतो ना!"

टिटवीने टाच मारली. काजळ दुडक्या चालीने धावू लागली. एक फेरी झाली आणि टिटवीने आयाळ सोडून स्वतःला जमिनीवर झोकून दिलं. इथे वाळू नव्हती. खांदा दगडावर आपटला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

बाबा धावले, पण मध्येच थांबले. काजळ थांबली होती. ती वळली, मान खाली घातली आणि टिटवीच्या मानेला नाक टेकून उभी राहिली.

"हाकला तिला! पोरीला तुडवेल!" मॅनेजरसाहेब हात हलवत, ओरडत पुढे आले. काजळचे कान मागे गेले, अंग थरथरलं. पण पाऊल हललं नाही.

"परवाही ती अशीच उभी होती, बाबा!" टिटवी पडल्या पडल्या ओरडली. "तिला मारून मारून तिथून नेलंय! पाठीमागचे वळ बघा!"

"काहीतरीच! परवा ती बिथरली होती!" मॅनेजरसाहेब म्हणाले.

आता वकील पुढे झाला. "साहेब, ती एकटी आली तेव्हा तुम्हीच पाहिलंत ना?"

"हो, मीच!"

"खोगीर, तंग, सगळं पाठीवर होतं?"

"होतं तर!"

"तुम्ही काही बदललं नाही?"

"काही नाही! नुसतं काढून खुंटीला लावलं!"

"मग या तंगाला काजळचा एकही केस कसा नाही?" वकीलने पाठीमागे लपवलेला पट्टा मालकीणबाईंच्या हातात दिला. "आणि फाटकाची कडी काजळने लावली का?"

मालकीणबाईंनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग मोतद्दाराकडे पाहिलं. तो परवा दुपारभर नालबंदाकडे गेला होता, पण जुना तंग कसा होता ते त्याला ठाऊक होतं. "झिजला होता, बाई," तो पुटपुटला. "मीही गप्प बसलो."

मॅनेजरसाहेबांच्या कपाळावर घाम आला. "मी तिकडून येत होतो... ती हलत नव्हती. मला वाटलं, ती गेलीच. तंग तुटलेला दिसला, तर सगळं माझ्यावर आलं असतं..."

"म्हणून तुम्ही आधी तंग बदललात," मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि पोर तिथे पडून राहिली."

बाबा त्यांच्या अंगावर धावून गेले नाहीत. ते गुडघ्यांवर बसले, टिटवीला उचलून घेतलं आणि दुसरा हात काजळच्या गळ्यात टाकून हमसून हमसून रडले. टिटवीने बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी बॅगेतून सुईऐवजी मलम काढलं आणि ते वळांना लावायला लागले.

पोलीस मॅनेजरला घेऊन गेल्यावर मालकीणबाईंनी तिघांना जवळ बोलावलं. "शाबास! इतके मोठे आम्ही, पण घोडी काय सांगतेय ते तुम्हालाच कळलं. आता पडण्याचा तास इथल्या प्रत्येकाला, कचेरीतल्यांनासुद्धा. पहिली मी पडणार!" शेपटाला ते चित्र डोळ्यांपुढे आणून हसू आवरेना. टिटवीला मात्र हसू आलं नाही.

दोन दिवसांनी ताईने डोळे उघडले. पाय वाचला होता, पण तो आता पहिल्यासारखा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. लवकर आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

"तू नसतीस तर मी त्या मुक्या जिवाला मारून बसलो असतो," बाबा टिटवीला म्हणाले. "मोठ्यांना शिकवलंस पोरी."

ताई छताकडे बघत होती. "मॅनेजरसाहेब आले तेव्हा मी बेशुद्ध नव्हते, बाबा," ती म्हणाली. "त्यांना बघून वाटलं, सुटले. हाक मारायचा प्रयत्न केला, पण आवाजच फुटेना. आमची नजरानजर झाली. ते बघून न बघितल्यासारखं करून गेले. काजळच मागे वळून वळून बघत होती."

 बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

ताईने टिटवीचा हात धरला. "तिला वाटत असेल, आपण ताईला टाकून आलो. तिला सांगशील, मी बघितलं म्हणून? ती थांबली होती, ते मी बघितलं म्हणून?"

टिटवी त्याच संध्याकाळी तबेल्यात गेली आणि काजळला ते सगळं सांगितलं.